इरकली लुगडं

हुबळीत वकिली सुरू करून मला वर्षच झालं होतं. राज्य इंग्रजांचं, आणि माझ्या अंगात नव्या वकिलाची खुमखुमी.

जवळच्या उणकल गावाहून आमच्याकडे दूध घालणाऱ्या अक्कांना सरकारी कुरणातलं गवत कापल्याबद्दल पोलिसांनी धरलं. एक भारा गवत. पहिलाच गुन्हा असला तर समज देऊन सोडायची मुभा कायद्यात होती, आणि अक्का कबूल करायला तयारही होत्या. मीच शहाणा. "कबूल करायचं नाही, लढू," म्हणालो. पंधरा दिवसांनंतरची तारीख पडली. जामिनाला जमीनवाला माणूस हवा, तो त्यांच्या ओळखीत नव्हता. वकिलाला अशिलाला जामीन राहता येत नसे. अक्का तुरुंगात गेल्या आणि मी घरी जाऊन पोटभर जेवलो. त्याची मला आजही लाज वाटते.

चार दिवसांनी भेटायला गेलो, तर त्या स्वतःबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. "वकील अण्णा, म्हैस नुकतीच व्यालीय. माझ्या हाताशिवाय पान्हा सोडत नाही. आटली तर वर्ष बुडालं की हो आमचं."

तेव्हा कुठे माझे डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी कबुलीचा अर्ज देऊन अक्कांना पुन्हा कोर्टापुढे आणवलं. मी बोलायला उभा राहतो न राहतो तोच दारात गलका झाला. धोतरावर इरकली लुगडं गुंडाळलेला, डोक्यावर पदर घेतलेला एक मिशाळ माणूस आत आला. अक्कांचा नवरा.

"हा काय तमाशा आहे?" मॅजिस्ट्रेट कडाडले.

"तमाशा नाही, साहेब," तो हात जोडून म्हणाला. "हिचं लुगडं नेसलं तर म्हैस जवळ येऊ देत होती, पान्हा मात्र सोडत नव्हती. आज माझा वास ओळखला बघा. लाथ घातली. तसाच पळत आलो."

सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"म्हशीचे सड सुजलेत?"

"होय, साहेब."

"हिला आत घालून किती दिवस झाले?"

"पाच."

ते माझ्याकडे वळले. "वकीलसाहेब, हे पाच दिवस तुम्ही काय करत होता?"

मी अक्कांकडे वळून "कबूल करा," म्हणालो. अक्कांनी गुन्हा कबूल केला, साहेबांनी समज दिली, आणि पाच मिनिटांत सगळं आटोपलं. नवरा-बायको उणकलच्या वाटेला लागली. तो लुगडं सोडायचं विसरला होता, अक्का मागून ओरडत होत्या. त्या दिवशी मी कोर्टाच्या पायरीवर बसून एकटाच हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का दूध घेऊन दारात. म्हशीनं पान्हा सोडला होता. माझी बायको पातेलं घेऊन आली, तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दूध ओतता ओतता अक्का म्हणाल्या, "अण्णा, आत माझ्याबरोबर आणखी तिघी होत्या. एकीनं सरपण तोडलेलं, एकीनं कणसं. तिसरीला तर कशासाठी धरलंय तेच ठाऊक नाही. तारखेची वाट बघत बसल्यात."

"त्यांना वकील नाही?"

"वकील नाही, आणि म्हैस पण नाही," अक्का म्हणाल्या.

चहा न घेताच मी कोट चढवला आणि तुरुंगाकडे निघालो.