पाच हार आणि एक हलगी

पाच हार आले होते. झेंडूचे, मधे तुळशीच्या मंजिऱ्या ओवलेले, अजून पाण्याचे थेंब धरून असलेले. भोरच्या न्यायालयाच्या पायऱ्या सहा माणसं उतरली आणि पाच गळ्यांत पाच हार पडले. परात धरलेला दुकानदार सहाव्या माणसापाशी येऊन थबकला. परात रिकामी होती. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली आणि ती माझ्या छातीशी धरलेल्या हलगीवर येऊन थांबली.

"पोरी, बघतीस काय? दे की बापाकडं."

मी दिली. माझ्या हातांनी दिली.

तो सहावा माणूस माझा बाप. मी अकरा वर्षांची.

सरकारविरुद्ध हत्यार उचलल्याचा खटला होता. वेल्ह्याच्या डोंगरात चौकीवर चालून जाऊन बंदुका पळवल्या, असा आरोप. पाच आरोपी वजनदार घरांतले, आणि त्यांचे पुढारी आमच्या गावच्या इनामदारांचे धाकटे चिरंजीव, दादासाहेब. सहावे आबा, मांगवाड्यातले. पळवलेल्या बंदुका गवताच्या भाऱ्यात बांधून, डोक्यावरून, खिंडीपलीकडे नेल्या त्या आबांनीच. वाटेत दोनदा शिपाई भेटले. मांगाच्या डोक्यावरचा भारा सोडून बघणार कोण? त्याला हात लावणार कोण? ज्या विटाळानं आम्हांला पाणवठ्यापासून दूर ठेवलं, त्याच विटाळाच्या आडोशानं त्या बंदुका सुखरूप गेल्या. हे त्या पाच जणांना ठाऊक होतं. म्हणूनच तर त्यांनी आबांना बोलावलं होतं.

मग आठ महिने कोठडी. "त्या पाच जणांविरुद्ध साक्ष दे, तुला सोडतो," असं आबांना रोज सांगितलं गेलं. आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं बुटाखाली चिरडली गेली. आबा बोलले नाहीत. साक्षीदार उभा राहिला नाही आणि खटला ढासळला.

कोठडीत दादासाहेब त्यांना म्हणाले होते, "सखाराम, सुटलो तर एका पंगतीला बसू." भेटीच्या दिवशी गजांपलीकडून आबांनी हे वाक्य आईला सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं.

तारखेच्या दिवशी आम्ही बाहेर चिंचेखाली बसत असू. आतून पट्टेवाला नावं पुकारी. सहा नावं, एका पट्टीत, एका आवाजात. "सखाराम लक्ष्मण!" त्या आवाजानं माझ्या अंगावर शहारा येई, कारण गावात माझ्या बापाचं नाव सख्या होतं. आरोपीच्या पिंजऱ्यात सहाही जण खांद्याला खांदा लावून उभे राहत. तिथे शिवाशिव नव्हती. सरकारनं माझ्या बापाला शत्रू मानलं होतं, आणि शत्रू मानताना पुरता माणूस मानलं होतं.

निकालाच्या दिवशी आम्ही घरीच होतो. आज निकाल, हे आम्हांला कुणी कळवलंच नव्हतं. दुपारी इनामदारांचा गडी नदीकडच्या वाटेनं धावत आला आणि मांगवाड्याच्या शिवेवर उभा राहून ओरडला, "सुटले! समदे सुटले! सख्याची हलगी आना बिगीबिगी!"

मी खुंटीवरची हलगी काढली. आठ महिन्यांची धूळ पदरानं पुसली. चिपाडांचा जाळ केला आणि तिचं कातडं त्यावर हळूहळू फिरवत राहिले. शेकल्या कातड्याचा तो करपट, ओळखीचा वास. बोटानं टिचकी मारली, तशी ती खणखणली. आज ही माझ्या बापासाठी वाजणार, एवढंच माझ्या मनात होतं.

आई चुलीपाशी उभी होती. तिनं विचारलं, "वाजवनार कोन?"

मी हलगी छातीशी धरून भोरच्या वाटेनं धावत सुटले. आई मागून चालत आली. ती धावली नाही.

आता हलगी आबांच्या खांद्यावर होती. त्यांनी एकदा दादासाहेबांकडे पाहिलं. दादासाहेब गळ्यातला हार सारखा करत होते.

आबा वाजवू लागले.

लोक आनंदानं वेडे झाले होते. गुलालानं हवा जड झाली होती. जिभेवर त्याची कडवट पूड बसत होती. माड्यांवरून लाह्या आणि झेंडूच्या पाकळ्या पडत होत्या. घरोघरी उंबऱ्यात निरांजनं उजळली होती, सुवासिनी पाच कपाळांना कुंकू लावत होत्या, पाच तोंडांत साखर घालत होत्या. आबा दहा पावलं पुढे, कारण वाजवणारा पुढेच चालतो. त्यांच्या बोटांना काठी जाणवत नव्हती. ती दोनदा निसटून धुळीत पडली. दोनदा ते वाकले.

"आरं, गंज चढलाय हाताला! आठ म्हैनं बसून खाल्लं न्हवं!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. ते वाईट हसणं नव्हतं. सणाचं हसणं होतं. तेच मला अजून सोसत नाही.

मला काहीच वाटत नव्हतं. रडू नाही, राग नाही. तळहातांना मात्र शेकलेल्या कातड्याची ऊब अजून चिकटून होती, आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातांची असावी, असं वाटत होतं.

संध्याकाळी तोच गडी पुन्हा शिवेवर आला. "उद्या देवळाम्होरं सत्कार हाय, पाची जनांचा. मागनं पंगत. सख्या, सकाळच्यालाच ये हलगी घिऊन. तुजं ताट मागल्या दारी काडून ठेवत्याल."

"येतो," आबा म्हणाले.

तो गेल्यावर मी विचारलं, "आबा, सुटलं किती जन?"

"सा."

"मग?"

आबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "वाजवनारा लागतोच की, बाय."

सकाळी, आबा उठायच्या आधी, मी हलगी घेऊन नदीवर गेले. आमच्या बाजूच्या पाणवठ्यावर, गुडघाभर पाण्यात ती आडवी ठेवली आणि वर धोंडा ठेवला. नीरेचं पाणी गार होतं. पावलं बधिर होईपर्यंत मी उभी राहिले. धोंडा काढला तेव्हा कातडं भाकरीच्या ओल्या पिठासारखं मऊ पडलं होतं. टिचकी मारली. आवाज नाही.

गडी बोलवायला आला. मी दारातच बसले होते, पुढ्यात हलगी. तिच्याखाली पाण्याचं थारोळं.

"ह्ये काय झालं?"

"म्या भिजवली."

"का गं भवाने?"

"माजा बाप बी सुटलाय. त्यास्नी पंगतीला बोलवायचं आसंल तर बोलवा. वाजवायला न्हाई."

त्यानं हात उगारला, आणि तो तसाच वर राहिला. मला मारायचं तर मला शिवावं लागलं असतं. तो शिव्या देत परत गेला.

आबा बाहेर आले. हलगी उचलली. अंगठा कातड्यात रुतवून पाहिला. उन्हात ठेवली असती तर ती दुपारपर्यंत पुन्हा बोलू लागली असती. आबांनी ती सावलीत ठेवली. देवळाकडून त्या दिवशी नुसत्या टाळ्या ऐकू आल्या. आमच्या घराला पुढले कित्येक महिने कुणी काम दिलं नाही. आबांची बोटं कधीच वळली नाहीत, आणि ती पंगत त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही.

आता आबा नाहीत. मी शिकले, कविता लिहू लागले. गावानं देवळासमोर त्या निकालाच्या आठवणीचा दगड बसवायचं ठरवलं आहे. परवा पत्र आलं: आपल्या गावची लेक म्हणून आपण गौरवगीत लिहून द्यावं, उद्‌घाटनाला ते म्हणावं. सोबत दगडावर कोरायच्या नावांची यादी. मी ती मोजली. पाच.

ही हलगी मी ओळखते. या वेळी ती त्यांना माझ्या खांद्याला अडकवायची आहे.

उत्तर मी टपालात टाकलं आहे. त्यात गीत नाही. एक नाव आहे, सखाराम लक्ष्मण, आणि एक ओळ: हे नाव कोरलं नाही, तर त्या दगडापुढे उभी राहून मी ते पुकारीन, पट्टेवाल्यासारखं, दरवर्षी, माझा घसा चालेल तोवर.