दुसऱ्या गिअरचा आवाज

चाचांना कमी ऐकू येऊ लागलंय हे सगळ्यांच्या आधी माझ्या लक्षात आलं. निफाडच्या बाहेर रस्त्याला लागून त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. नव्वदच्या दशकात मी तिथे आठ-नऊ वर्षं मिस्त्री होतो. चाचा पाना उचलण्याआधी यंत्र ऐकायचे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून, डोळे मिटून बिघाड सांगायचे. माझ्या तिथल्या शेवटच्या हिवाळ्यात मात्र त्यांना मागून हाक मारली तर ते वळेनासे झाले. मी कोणाला काही बोललो नाही.

जानेवारीत एक शेतकरी जुना ट्रॅक्टर घेऊन आला. सोबत त्याचा धाकटा भाऊ होता.

"चाचा, लिफ्ट थांबत नाय. नांगर वर घेतला की हिसके देतो. इंजिन बंद केलं की आपोआप खाली बसतो."

चाचांनी नांगर उचलून पाहिला. तो वर थरथरत राहिला आणि इंजिन बंद होताच इंच इंच खाली येऊन जमिनीला टेकला. "आतलं सील गेलंय. दाब टिकत नाही," ते म्हणाले. सिलिंडर खोलला तर सील खरंच चिरलेलं होतं.

तेल काढायचं काम माझं. त्या ट्रॅक्टरला गिअरबॉक्सचं आणि लिफ्टचं तेल एकच. तळाशी लोखंडाचा कीस बसला होता, त्यात नखाएवढा एक कपचा. म्हणजे सील आपोआप चिरलं नव्हतं. गिअरचे दात तुटत होते आणि त्यांचा चुरा तेलाबरोबर लिफ्टमध्ये जात होता.

मी कपचा चाचांच्या तळहातावर ठेवला. "वरचं झाकण खोलून बघू या का?"

"जुनी गाडी आहे. एवढं निघणारच."

तरी नवं सील आणि तेल घातल्यावर त्यांनी ट्रॅक्टर दुसऱ्या गिअरमध्ये आवारात फिरवला. मी मडगार्डला धरून सोबत चालत होतो. पायाखालून येतोय असं वाटावं असा आवाज होता. टक्, टक्, प्रत्येक फेऱ्याला एकदा. गिअरचा दांडा त्याच तालावर थरथरत होता. चाचा मान वाकडी करून बराच वेळ ऐकत राहिले.

"साफ आहे. घेऊन जा."

ज्यांनी मला ऐकायला शिकवलं, त्यांना गिऱ्हाइकासमोर काय म्हणणार? दोघे भाऊ ट्रॅक्टर घेऊन गेले. तो रस्त्याला लागेपर्यंत मला तो आवाज येत होता.

पुढचे चार दिवस मी गॅरेजवरून जाणारा प्रत्येक ट्रॅक्टर ऐकायचो. पाचव्या दिवशी दुपारी निरोप आला. शेणखताने भरलेली ट्रॉली ओढत नाल्यातून वर चढताना दुसरा गिअर सुटला होता. ब्रेकला भार पेलला नाही. सगळं मागे घसरलं. मडगार्डवर बसलेल्या धाकट्याने उडी मारली आणि त्याचा पाय ट्रॉलीच्या चाकाखाली गेला.

ट्रॅक्टर ओढून गॅरेजवर आणला. चाचांनी स्वतः झाकण खोललं. दुसऱ्या गिअरचे तीन दात नव्हते. ते माझ्याकडे वळले.

"तुला ऐकू आलं होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

मी झाकणाचे बोल्ट गोळा करू लागलो. त्यांनी हात पुसले आणि आम्ही एसटीने नाशिकला, दवाखान्यात गेलो. खाटेजवळ उभं राहून चाचा थोरल्याला म्हणाले, "चूक माझी आहे. मला ऐकू येत नाही, हे मी लपवलं." मी त्यांच्या मागेच होतो.

पाय वाचला नाही. चाचांनी उन्हाळ्यात गॅरेज बंद केलं आणि मी सिन्नरला कारखान्यात लागलो. तो धाकटा भाऊ कधी बाजारात भेटतो, कुबडी काखेत धरून माझी विचारपूस करतो. चाचांविषयी अजून कडू बोलतो. मी ऐकून घेतो.