चंद्रीसाठी खालचे सूर

दोंडाईच्यातल्या आमच्या गल्लीत बन्सीलाल क्लॅरोनेटवाल्याची एक भानगड बायका चवीने सांगतात. मीही सांगतो, माझी जीभ काही कमी नाही. वरातीत हा असा वाजवतो की नवरदेवाची घोडीसुद्धा ठेका धरते. आणि ह्याच्याच घरची कुत्री चंद्री, बाजा ऐकला की बिथरते! गेल्या लग्नसराईत तिने ढोलवाल्या सुकदेवची पोटरीच धरली. तेव्हा गल्लीतल्या थोरल्या लताबाईंनी बजावलं, "आते एकदाव जरी कोनले चावनी, ते पोतामा भरीसन हायवेले सोडी येसूत."

बन्सीलालची झोप उडाली. धुळ्याचा मेहुणा हितेंद्र ह्याने मोबाइलवर खास कुत्र्यांना शांत करणारं संगीत लावून दिलं. परदेशात म्हणे ते मुद्दाम कुत्र्यांसाठी बनवतात. चंद्रीने मोबाइल हुंगला, उचलला आणि चुलीच्या राखेत नेऊन पुरला.

मग ह्यानेच सूर शोधायला घेतले. संध्याकाळी ओट्यावर बसायचं, खालच्या पट्टीत एक लांब फुंक मारायची आणि चंद्रीचे कान बघायचे. कान ताठ झाले की तो सूर टाकायचा. जे उरलं त्यावर चंद्री डोळे मिटू लागली. बायको हेमलता दारातून म्हणायची, "मनासाठे कधी इतलं गोड वाजाडं नही. कुत्रीनं नशीब भारी शे!"

श्रावणात कानबाई देवीची विसर्जनाची मिरवणूक निघाली. लताबाईंच्या डोक्यावर चौरंग, त्यावर कानबाई. नदीपर्यंत ती खाली टेकवायची नसते. पुढे बँड आणि बँडच्या तोंडाशी बन्सीलाल. चंद्रीला घरात साखळीने बांधलेलं. पण दारासमोरच कुणी फटाक्यांची माळ लावली, आणि साखळी तुटली.

चंद्री थेट लताबाईंच्या पुढ्यात. मान खाली, दात बाहेर. नाचणाऱ्या बाया भिंतीला चिकटल्या. लताबाईंना पळता येईना की बसता येईना. दोन्ही हात चौरंगाला. सुकदेवने टिपरू उगारलं तशी चंद्री आणखी पुढे सरकली.

"हात खाले कर, मेल्या!" लताबाई ओठातल्या ओठात म्हणाल्या. "मी हालनू ते कानबाई पडी."

बन्सीलालने चालू गाणं मधेच तोडलं आणि भर मिरवणुकीत ती खालची फुंक घातली. ताशे गप्प झाले.

मागून कुणी ओरडलं, "बन्सीभो, हाई मिरवणूक शे का मयत?"

तो थांबला नाही. चंद्रीचा एक कान पडला, पण गुरगुर सुरूच. बऱ्याच वेळाने दुसरा पडला. मग ती चिखलातच बसली, लताबाईंच्या पायांपासून हातभर.

पण फुंक थांबली की मान पुन्हा वर! त्यामुळे बन्सीलाल तिथेच खिळला. मिरवणूक त्याला वळसा घालून नुसत्या टाळ्यांवर निघाली, ढोल-ताशे काखेत मारून.

जाता जाता लताबाई मान न वळवता म्हणाल्या, "कुत्री राहू दे रे भो. पन पुढला साल बाजा दुसराना लावसूत."

बन्सीलालला उत्तर देता येईना. त्याचं तोंड चंद्रीसाठी गुंतलं होतं.