दोन बाटल्यांची पिशवी

इग्बो-ओरा गावात माझ्या टपरीवर पिशव्या जोडीनं टांगलेल्या असतात. एखादी एकटी लटकताना दिसली की गिऱ्हाईक विचारतं, "हिची बहीण विकली का?" आमच्याकडे घरटी जुळं. शहरातले शिकलेले लोक येतात, आमचे कंद कापून बघतात, भेंडीच्या पाल्याचं कालवण बाटलीत भरून नेतात, आणि इथं एवढी जुळी होतात कशी म्हणून कपाळाला आठ्या घालतात. घालोत बापडे. आमचा जन्म लंगोट धुण्यात गेला, आम्हाला विचार करायला सवड झाली नाही.

म्हणून त्या बाजाराच्या दिवशी ताइवो फोटोवाली येऊन म्हणाली, "इया, कॅमेऱ्यासाठी पिशवी दे. लहानशी. आणि एकच," तेव्हा माझ्या हातातली पिशव्या काढायची आकडी वरच्या वर राहिली.

"एकच?"

"एकच."

शेजारी सिकिरात मिरच्या विकते. तिची जीभ म्हणजे तिच्या मालाची जाहिरात. ती म्हणाली, "एक म्हणजे एक जोडी म्हणत असेल गं, इया मोरेनिके. फोटोवाल्यांना कुठला हिशेब येतो? एका पोराची दोन करून विकतात."

मोरेनिके माझी थोरली, म्हणून बाजार मला इया मोरेनिके म्हणतो. ताइवो नुसतं इया म्हणते, आईसारखं. एरवी ती सिकिरातला फाडकन उत्तर देती. त्या दिवशी नुसती टांगलेल्या पिशव्या न्याहाळू लागली.

तिची आई माझी मैत्रीण. जुळ्या झाल्या तेव्हा दोघींना पहिली आंघोळ मी घातली. ताइवो आधी आली, म्हणजे ती धाकटी. आमच्यात असंच असतं. थोरली केहिंदे मागे थांबते आणि धाकटीला पुढे धाडते, जा, जग कसंय बघ, बरं असलं तर हाक मार. ताइवोनं भोकाड पसरलं, मग केहिंदे आली. दोघी इतक्या सारख्या की आईसुद्धा फसायची. फरक एकच, केहिंदे डावरी. माझ्याकडे अकारा तळलेला असला, चवळीचे वडे हो, की ती डावा हात पुढे करायची. "उजव्या हातानं घे गं!" मी वडा मागे ओढायची. ती शहाण्यासारखा उजवा हात पुढे करायची, वडा घ्यायची, आणि पळता पळता डाव्या हातात टाकायची.

दुधाचे दात पडायच्या वयात गोवर आला आणि केहिंदेला घेऊन गेला. जुळ्यातलं एक गेलं तर आम्ही मेलं म्हणत नाही. ऐकून दुसरंही मागोमाग जायचं. आईनं ताइवोला सांगितलं, "केहिंदे लागोसला गेलीय. तुला कापड आणायला." आणि लाकूड कोरणाऱ्याकडून वीतभर बाहुली करून आणली. ती केहिंदे. तिला आंघोळ, तिला चवळीचा घास, अंगाला रक्तचंदनासारखी लाल पूड. ताइवोला झगा शिवला की त्याच कापडाचा तुकडा बाहुलीला. चपला दोन जोड. आणि लागोसची गाडी आली की ताइवो मोटारतळावर जाऊन उभी राहायची. सगळे उतरून गाडी रिकामी झाली, की आत चढून बाकांखाली वाकून बघायची. ड्रायव्हरही बघू द्यायचे. गाव समजूतदार होतं, असं म्हणायचं.

मोठेपणी तिनं कॅमेरा धरला. बारशाला जुळ्यांचे फोटो काढायची, ते कुणीही काढतं. तिची ख्याती दुसऱ्या कामाची. जिचं एक गेलं ती आई उरलेल्याला घेऊन तिच्याकडे येते. ताइवो त्या लेकराला आधी डावीकडे बसवून फोटो काढते, मग उजवीकडे बसवून, आणि दोन्ही जोडून एक करते. सांधा दिसत नाही. आया तो फोटो बघतात, हसतात, मग पदराआड तोंड घालतात. स्वतःचा फोटो मात्र तिनं कधी काढू दिला नाही. मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "एकटीचा काढला तर तिला राग येईल. जोडून काढला तर ती लागोसला नाही हे मी मान्य केल्यासारखं होईल."

आई वारली तेव्हा बाहुली ताइवोकडे आली. तेव्हापासून आईचीच बाजाराची थोरली पिशवी तिच्या खांद्यावर. तळाला फडक्यात केहिंदे, वर कॅमेरा आणि त्याच्या दोन लेन्स, एक आखूड, एक लांब. केहिंदेच्या अंगची लाल पूड लेन्समध्ये शिरायची, आणि प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात लालसर धूर यायचा. कुणी अंगाशी येऊन उभं राहावं तसा. आमच्या बायका त्याला हात लावून नमस्कार करायच्या. लागोसच्या एका स्टुडिओच्या मालकीणबाईनं काही नमस्कार केला नाही. जोडकाम आवडलं म्हणून तिनं ताइवोला कामावर बोलावलं, आणि वर निरोप धाडला की लेन्समधली घाण काढ, नीट पिशवी घे, कांदेबटाट्याच्या झोळीत कॅमेरा ठेवणारी बाई मला दारात नको.

"मग केहिंदे?" मी विचारलं.

ताइवोनं थोरली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "ती तुझ्याकडे राहील. तू तिला पहिलं न्हाऊ घातलंयस. मी फार वागवली गं, इया. माझी पाठ मोडली. एकदा मला एकटीनं कुठंतरी जाऊ दे."

"आणि तेही लागोसला," सिकिरात मिरच्यांकडे बघत पुटपुटली.

मी पिशव्या काढायला लागले. पहिली काळी, वर कॅमेऱ्याच्या कंपनीचं नाव ठळक. "ही नको," ताइवो म्हणाली, "हिच्यावर चोरांना आमंत्रण छापलंय." दुसरी पाठीवरची. ती मीच परत टांगली. गर्दीत पाठीवरचं सामान मागच्याचं असतं. तिसरी चामड्याची, दिसायला मडमेसारखी, पण पोटात अस्तर नाही. दोन्ही लेन्स आत घालून हलवल्या तर भांड्यांसारख्या भांडल्या. चौथीत कॅमेरा गेला छान, पण काढताना निघेना.

सिकिरात म्हणाली, "घे घे ही. तू चेन उघडेपर्यंत नवरी बाळंत होईल."

मग ताइवोनं वर बोट केलं. "ती राखाडी?"

"ती बाळंतिणीची. बाटल्यांची."

जुळ्यांच्या आयांसाठी मी त्या खास शिवून घेते. दोन बाजूंना दोन गोल कप्पे, दूध गरम राहावं म्हणून आत जाड फोम. मधे लंगोटाची जागा. पट्टा गळ्यातून तिरका, चेन अंगाकडच्या बाजूला. दिसायला इतकी गरीब की चोरही दोन पैसे टाकून जाईल. ताइवोनं लांब लेन्स डाव्या कप्प्यात उभी केली, आखूड उजव्या, मधे कॅमेरा पालथा. चेन सरकन लागली. पिशवी पोटाशी मांजरासारखी बसली.

"हलकी आहे," ती म्हणाली. आणि उगाच हात मागे नेऊन पाठ चाचपली.

केहिंदेला मी टपरीतल्या मागच्या फळीवर बसवलं, तोंड बाजाराकडे. चवळी ठेवली. लाल पूड नाही लावली. म्हटलं, राहू दे चार दिवस कोरडी, माझ्या मालाला डाग नकोत. आमच्या म्हातारपणाचा देवधर्म असा दुकान सांभाळून असतो.

पुढच्या बाजाराला ताइवो इबादानला गेली होती, लेन्स साफ करून घ्यायला. वाळवंटाकडून येणारा हरमाटानचा वारा सुटलेला, सगळा बाजार धुळीनं पांढरा. अबेओकुटाकडची एक बाई आली आणि म्हणाली, "मघाशी तुमच्या पोरीनं दाखवली ती पिशवी द्या."

"कुठली पोरगी?"

"ती काय, मागे उभी होती. उंच, गप्पगप्प. माल चांगला ठेवता आजी, पण तिला वळण लावा जरा. गिऱ्हाइकाला डाव्या हातानं पिशवी देतात का?"

मी फळीकडे पाहिलं. मी बाजाराकडे तोंड करून बसवलेली केहिंदे आता मोटारतळाकडे बघत होती. वारा असेल. हरमाटान टपरीचा पत्रा उचलतो, तिथं वीतभर लाकडाची काय कथा. मी तिला पुन्हा सरळ केलं. दुपारी पाहिलं, तर तोंड पुन्हा तिकडेच. त्या दिवशी सिकिरातनं एकही थट्टा केली नाही, यावरून काय ते समजा.

निघायच्या सकाळी ताइवो मोटारतळावरून धावत आली. गाडी भरलेली, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता.

"इया, चेन लागत नाही!"

"अगं, इथंच तर लावलीस."

"लांब लेन्स आत जात नाही. घरी गेली नाही, गाडीत गेली नाही. तूच बघ."

मी बघितलं. आखूड लेन्स उजव्या कप्प्यात गेली. लांब लेन्स डाव्या कप्प्यात अर्ध्यावर अडली. पाटावर बसायला जावं आणि कुणी आधीच बसलेलं असावं, तशी. मी हात घातला. आत काही नाही, नुसता फोम. पण ऊन ऊन. नुकती दुधाची बाटली काढल्यावर असतो तसा. ताइवोनं पिशवी सकाळपासून पोटाशी धरली होती, तिचीच ऊब असेल. मी हात बाहेर काढला आणि लुगड्याला पुसला, का कोण जाणे.

"शिवण बिघडली असेल," ताइवो म्हणाली. तिचा आवाज तिलाच खरा वाटत नव्हता.

"माझ्या शिवणीला नाव ठेवू नकोस."

ती तिथंच बाकड्यावर बसली. "ती मला जाऊ देत नाही, इया. मी इथंच मरणार. दुसऱ्यांची मेलेली पोरं जोडत."

भोंगा पुन्हा वाजला. मी फळीवरच्या केहिंदेकडे पाहिलं. तोंड मोटारतळाकडे. आणि माझ्या जाड डोक्यात एवढ्या वर्षांनी उजेड पडला.

"अडवत नाहीये गं ती," मी म्हटलं. "लहानपणापासून बिचारी ऐकतेय, आपण लागोसला गेलोय म्हणून. तुझी आई म्हणाली, मी म्हणाले, सगळा गाव म्हणाला. पण तिला कुणी नेलं का कधी?"

सिकिरातनं मिरच्यांचा हात पुसला, फळीवरून केहिंदेला उचलून आणलं, आणि ताइवोच्या ओंजळीत दिलं. दोन्ही हातांनी.

मी नव्या कापडाचा तुकडा फाडला, बाहुलीला गळ्यापर्यंत गुंडाळलं. डाव्या कप्प्यात ती अशी गेली, जशी पाठीवर बांधलेली पोर झोपेत खाली सरकते. डोकं तेवढं वर राहिलं. चेन तिच्या गळ्यापर्यंत लागली आणि थांबली.

"ही लांब लेन्स तू ठेव," ताइवो म्हणाली.

"आणि मालकीणबाई?"

"लांबून काढता आलं नाही, तर जवळ जाऊन काढीन."

गाडी सुटली तेव्हा ती खिडकीपाशी होती. शेजारची जागा रिकामी होती. एवढी भरलेली गाडी, पण त्या जागेवर कुणी बसलं नव्हतं.

लांब लेन्स मी फळीवर केहिंदेच्या जागी ठेवली. रोज फडक्यानं पुसते. "चवळीही ठेव तिच्यापुढं," सिकिरात म्हणायची. एकदोनदा ठेवलीही, सवयीनं.

पावसाळ्याच्या तोंडावर लागोसच्या ड्रायव्हरनं पाकीट आणून दिलं. काम टिकलं होतं, ताइवो मजेत होती असं तो म्हणाला. पाकिटात एक फोटो. पाणी, होड्या, एक बाकडं, आणि बाकड्यावर दोन ताइवो. अंगात एकाच कापडाचे झगे. डावीकडचीच्या मांडीवर माझी राखाडी पिशवी, उघडी. दोन्ही कप्पे रिकामे. डाव्या कप्प्याच्या तोंडाशी मी फाडून दिलेलं कापड, नीट घडी केलेलं.

कॅमेरा फोटो काढत होता म्हणजे मधली जागा रिकामी असणार, आणि तिची एकुलती लेन्स कॅमेऱ्यावर. इथवर मला कळलं. डाव्या कप्प्यातली केहिंदे कुठं गेली, ते कळेना. दोन्ही वेळा ताइवोच बसली असणार, तिचं कामच ते. मी फोटो उन्हात धरला. सांधा शोधला. सिकिरातनंही शोधला, तिची नजर माझ्यापेक्षा तरुण. सापडला नाही. कोपऱ्यात लाल धूरही नव्हता.

उजवीकडची हसत होती, गाल फुगवून, तोंडात घास घेऊन. उरलेला वडा तिच्या डाव्या हातात होता.

"उजव्या हातानं घे गं," मी म्हटलं.