रुपाची आय

मी निघाले तेव्हा रुपा अंगणात भुई चोपत होती. दसरा झाला होता, भात कापणीला आलं होतं आणि झोडणीसाठी खळं करायचं चाललं होतं. माती पसरायची, पाणी शिंपायचं आणि लाकडी चोपण्यांनी ती ठोकून ठोकून गुळगुळीत करायची, हे आमच्या मुरबाडकडे बायकांचं काम. तीन वर्षांच्या रुपाच्या हातात माझ्या आईनं मोडक्या पाटाचा तुकडा दिला होता, तेच तिचं चोपणं. आई गाणं म्हणत होती, रुपा धप्‌ धप्‌ करत होती, आणि मी पिशवी छातीशी धरून गोठ्याच्या बाजूनं बाहेर पडले. "मागं बघू नको," आईनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. "तू बघलंस तं ती बघंल." मी बघितलं नाही. फाट्यावर एसटी येईपर्यंत ते ठोके ऐकू येत होते. ते एकदाही थांबले नाहीत, याचं बरं वाटून घ्यायचं की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

पोटच्या पोरीला असं मागं टाकून कोण जातं, असं तेव्हा गावात बऱ्याच जणी म्हणाल्या. म्हणणाऱ्यांचं तोंड कुणी धरावं? पण रुपा बोलत नव्हती. आम्ही वापीला राहत होतो. आमचे हे शहापूरजवळच्या सापगावचे; सासू-सासरे लग्नाआधीच गेलेले, जमीन भावकीत वाटून नावापुरती उरलेली, म्हणून कामासाठी गुजरातमधली ही कारखान्यांची वसाहत, जीआयडीसी, गाठलेली. चाळीतली रुपाएवढी पोरं हिंदी, गुजराती, भोजपुरी अशा तिन्ही भाषांत भांडायची, आणि ही नुसती बोट दाखवायची. धाग्याच्या कारखान्यात ह्यांना बहुतेक नाइटच लागायची. दिवसा ते झोपायचे, आणि खोली एकच. त्यामुळे मी पोरीला जन्मापासून एकच शब्द शिकवला होता: शू.

डॉक्टरांनी कान तपासले. कान ठणठणीत आहेत, म्हणाले. हिच्याशी बोला, गाणी म्हणा, टाळ्या वाजवा, नाचवा. लहान मुलांचे हातपाय आधी बोलतात, तोंड मागनं बोलतं. सगळं खरं. पण खाली घरमालक, वर पत्रा आणि मध्ये झोपलेला बाप, अशा ठिकाणी नाचवायचं कुठं?

आई म्हणाली, "ठेव माझ्याकडं. शिमग्यापर्यंत बोलाया लागंल."

आईची रीत मला ठाऊक होती, मी स्वतः तशीच बोलायला लागले होते. ती चोपणं वर उचलायची आणि म्हणायची, "चोप चोप भुई, दारात कोण गो?" आणि थांबायची. पोरानं तोंडातून काहीतरी काढल्याशिवाय चोपणं खाली यायचं नाही. नुसतं "मा" म्हटलं तरी पुरे. "मामा गो!" आणि धप्‌. मग गोठ्यात कोण गो, चुलीपाशी कोण गो, असं अख्खं घर फिरून यायचं. वर अडकलेला तो ठोका पोरांना अजिबात सहन होत नाही. खळं झालं की हेच गाणं जात्यापाशी, नाहीतर नुसतं अंगणात पाय आपटत. आईचा हात भरून यायचा, पण घाई म्हणून करायची नाही.

थंडीत मुरबाडच्या एसटीडी बूथवरून भावाचा फोन आला, आमच्या चाळीखालच्या किराणा दुकानात. "संगे, पोरगी बोलली!"

"काय बोलली?"

"आय बोलली गो. एकदम साफ."

मी दुकानातच रडले. त्याच पावली पेढे आणले आणि चाळभर वाटले. बिहारी भाभीनं तर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. शिमग्याला मी घरी गेले, अंगणात गुडघ्यावर बसले आणि हात पसरून म्हटलं, "रुपा, ये. आय म्हण बघू." रुपा धावत सुटली ती माझ्या आईच्या मागं. तिचं लुगडं दोन्ही मुठींत धरून मोठ्यानं म्हणाली, "आय!"

आई कावरीबावरी झाली. "आगो, मी आजी. तुझी आय ती बघ, समोर."

रुपानं मला नीट न्याहाळलं. "संगी," ती म्हणाली.

मला पोर विसरू नये म्हणून आईनं मला रोज गाण्यात घातलं होतं. लांब कोण गो? संगी गो. आणि माझे दोन्ही भाऊ दिवसभर आईला आय, आय करत घरभर फिरत. पोर दुसरं काय शिकणार? चूक कुणाचीच नव्हती, म्हणून रागवायलाही कुणी सापडेना. त्या दिवशी मी पुरणपोळी खाल्ली, सगळ्यांशी हसले. वाटलेले पेढे काही परत मागता येत नाहीत.

तिला लगेच घेऊन जायचं मनात आलं होतं. पण वहिनी म्हणाली, "आता नेलीस तं परत गप व्हायची." तेही खरंच. त्यात मला दिवस गेले होते. मग मुलगा झाला, शिमग्याचा गणपती झाला, गणपतीचा पुढचा दसरा. शाळेत घालायची वेळ आली तेव्हाच रुपा वापीला आली.

पहिल्या आठवड्यात तिनं लाटणं उचललं, लादीवर एक ठोका दिला, दुसरा वर धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या लक्षात आलं. मी हळूच म्हटलं, "दारात कोण गो?" ती काही बोलायच्या आतच घरमालकीण वर आली. "दीदी, क्या तोड़ रहे हो?" त्यानंतर आम्ही उशीवर ठोकून बघितलं. उशीला कसला आलाय आवाज! रुपानंच लाटणं परत नेऊन ठेवलं.

ती मला नावानं हाक मारायची तेव्हा चाळ हसायची. मग शाळेत गेली आणि सगळ्या पोरींसारखी मम्मी म्हणू लागली. मम्मी, डब्बा. मम्मी, फीस. बोलायला लागली ती इतकी की बाप म्हणायचा, हिला बंद करायचं बटण कुठंय? मी हसायचे. दरवर्षी मे महिन्यात एसटीतून उतरली की मात्र ती फाट्यापासूनच "आय गो" करत पळायची, आणि मी मागनं सामान घेऊन चालायचे.

माझ्यासारख्या ज्या बाहेर गेल्या, त्यांना हे सांगावं लागणार नाही. आपण लेकरांना चांगलं व्हावं म्हणून कुठंतरी ठेवतो, आणि त्यांचं चांगलं होतं. फक्त ते आपल्याला बघायला मिळत नाही.

रुपा दहावीत असताना आई गेली. आम्ही पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलेलं होतं. रुपानं माझा हात सोडला, धावली आणि "आय गो, मला टाकून कुठं चाललीस" म्हणत तिच्या अंगावर पडली. बायकांनी तिला धरलं, पोटाशी घेतलं. मी दोन पावलं मागं उभी. मलाही तेच ओरडायचं होतं, त्याच शब्दांत, पण मी नुसती पिशवी छातीशी धरली.

लांबच्या नात्यातल्या एका म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलं, "ही तुझी धाकटी बहीण का गो?"

भाऊ सांगायला पुढं झाला. मी त्याला थांबवलं. "व्हय," मी म्हटलं, "धाकटी."

आणि मग मीही बसले, आणि मला रडता आलं. आई गेली की लेकीचं माहेर संपतं, असं म्हणतात. आमच्या दोघींचं एकाच दिवशी, एकाच अंगणात संपलं. रुपा रडत होती, आणि तिला जन्म दिलेली मी तिच्या शेजारीच बसले होते.