नानांच्या गाडीतली चार पोती

बोअरवाले नाना फोनवर तब्येत विचारत नसत, वजन विचारत. "व्हय गं, पोरींचं वजन किती झालं आता? आन् तुझं?" शेवगावात माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं वर्कशॉप यांच्यात एकच भिंत, त्यामुळे परदेशातल्या लेकीशी चाललेलं त्यांचं बोलणं मला सगळं ऐकू यायचं. फोन ठेवला की नाना वाळूचं पोतं ओढत माझ्या काट्यावर आणायचे. "भाऊ, थोरली दोन किलोनं वाढली. टाका दोन किलो." गिरणीत वाळू! माझं डोकं फिरायचं, पण टाकायचो.

इंजिनाचा सिलिंडर आतून कापून मोठा करायचा, म्हणजे बोअर वाढवायचा, आणि त्यात मोठा पिस्टन बसवायचा, हा नानांचा धंदा. लोक झिजलेली इंजिनं आणत. नानांनी मात्र स्वतःच्या पांढऱ्या गाडीचं धडधाकट इंजिन कापायला घेतलं. त्याला कारण जावई. एकदा लेक, जावई, दोन नाती अशी सगळी घेऊन नाना नगरला निघाले आणि करंजीच्या घाटात गाडीनं दम सोडला. जावई उतरले, पायी वर आले आणि हसत म्हणाले, "मामा, आता टर्बोवाली घ्या." साधं बोलणं हो! पण ह्या माणसाच्या ते जिव्हारी लागलं. पुढं लेक-जावई परदेशी गेले, आणि नानांनी एकच धरलं: पुढच्या खेपेला घाटात कुणाला उतरावं लागणार न्हाई.

"मग घ्या की टर्बो," मी चिडवायचो.

"टर्बो हवा कोंबतो. आपुन कोंबायची न्हाई, भाऊ. जागा मोठी करायची. हवा आपसूक आत येती."

"माणसं येतात का तशी?" एकदा माझ्या तोंडून निघून गेलं. त्या दिवशी नाना चहाला आले नाहीत. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

लेक, जावई, दोन नाती, अशी चार पोती. प्रत्येकावर खडूनं नाव. रविवारी सकाळी नाना ती सीटवर बसवायचे, पट्टे लावायचे आणि घाटात जायचे. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी वर गेली की खूश. पोती जड होत गेली तसा बोअरही वाढत गेला, आणि शेवटी नको तेवढं कापलं. सिलिंडरची भिंत पातळ होऊन ऐन चढावर फुटली, इंजिन गार ठेवणारं पाणी आत शिरलं. इंजिनाचा ब्लॉक भंगारात गेला. दुसरा आणून पुन्हा पहिल्यापासून!

मी भडकलो. "जन्मभर लोकांना सांगता, भिंत राखा म्हणून. तुमची अक्कल कुठं गेली होती?"

"धाकटी लई वाढली हो," नाना म्हणाले. "तिकडं गेल्यापासनं बघितली न्हाई मी, पर वजन ऐकलं ना."



गेल्या हिवाळ्यात नाना झोपेतच गेले. लेक एकटीच आली. दिवस झाल्यावर मी तिच्या हातात गाडीची किल्ली दिली. तिनं दार उघडलं आणि पट्टा लावलेल्या पोत्यावर स्वतःचं नाव पाहून थबकली. "काका, हे काय?"

मी सांगितलं. धड सांगता आलं नाही, पण तिला कळलं. तिनं पट्टा सोडला, आम्ही दोघांनी मिळून ते पोतं खाली घेतलं, आणि ती त्या जागी बसली. "चला काका, घाटात जाऊ."

मागं तीन पोती, पुढं आम्ही दोघं. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी सहज वर गेली, एकदाही अडखळली नाही. माथ्यावर तिनं गाडी थांबवायला सांगितली.

"मी नानांना माझं खरं वजन कधी सांगितलंच नाही, काका. तिकडं सारखं एकटं वाटतं, जेवण जात नाही. नाना काळजी करतील म्हणून मी दर वेळी खऱ्यापेक्षा आठ-दहा किलो वाढवूनच सांगायची."

मी तिच्या मनगटाकडं पाहिलं. नानांना हे कळलं असतं तर इंजिन तसंच उघडं टाकून त्यांनी आधी तिला जेवायला बसवलं असतं. मी गाडी वळवली आणि तिला आमच्या घरी जेवायला घेऊन गेलो.