पार्किंगसाठी वर झालेले हात

परवा आमच्या वॉर्डात एक सभा झाली. शहरातला धूर आणि उकाडा कमी करायचा तर जमीन कशी वापरावी, यावर नागरिकांच्या सूचना हव्या होत्या म्हणे. दादा, वहिनी आणि मी असे तिघं गेलो. एक तरुण अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवत सांगत होता, की घर आणि काम जवळजवळ असावं, इमारतींच्या तळमजल्यावर दुकानं, खाणावळी असाव्यात, माणसांनी पायी जावं. म्हणजे गाड्या कमी धावतील आणि कार्बन कमी होईल. पोरगा गोड होता आणि बोलत होता तेही खरंच होतं. तरी माझं डोकं तापलं. वरातीमागून घोडं आणायचं आणि वर आम्हालाच विचारायचं, घोडं कसं वाटतं?

अहो, लालबागला आम्ही असंच राहत होतो! बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. घरातून निघताना पेटवलेली विडी संपायच्या आत ते गेटवर पोचायचे. चाळीच्या तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आईची खाणावळ. बायकामुलं कोकणात ठेवून एकटे राहणारे कामगार पाळी सुटली की सरळ आमच्याकडे येऊन पाटावर बसायचे. भाकरी, बांगड्याचं कालवण, नाहीतर सुकटीची चटणी. यात कुणी कशावर बसून कुठे गेलं नाही. आम्ही पर्यावरण वगैरे वाचवत नव्हतो, गिरणी जवळ होती म्हणून जवळ राहत होतो.

मग संप झाला. जेवणारे एकेक करून गावी गेले, बरेचसे परतलेच नाहीत. बाबा घरी बसले ते बसलेच. आईने मात्र चूल विझू दिली नाही. पुढे गिरणी पाडली, तिच्या जागी काचेच्या इमारती आल्या, त्यांच्या पोटात गाड्यांचे मजले. तिथे काम करणारी पोरं कुठून कुठून गाड्या काढून येऊ लागली. ज्या रस्त्यावर पाळी सुटल्यावर माणसं मावत नसत, तिथे गाड्या मावेनात. ह्याला विकास म्हणतात हे मला तेव्हा कळलं.

पण गंमत म्हणजे तीच पोरं दुपारी रस्ता ओलांडून आमच्याकडे जेवायला येऊ लागली. आई गेल्यावर खाणावळ वहिनी चालवत होती. ती कणकवलीकडची, हाताला चव, तोंड फटकळ. ताटात टाकलेलं तिला खपत नसे. "काय रे, ताटात भात कोणासाठी ठेवलास? बॉस येणार हा जेवूक?" असं ती टायवाल्यालाही ऐकवायची. खाणावळ म्हणजे तिचा जीव होता. माहेरी जायची तेव्हाही तिसऱ्या दिवशी तिला चैन पडेना.

एवढ्यात चाळ नव्याने बांधायची ठरली. बिल्डरचा आर्किटेक्ट अंगणात नकाशा घेऊन आला. म्हणाला, तळमजल्यावर एकतर थोडे गाळे काढता येतील, नाहीतर प्रत्येक घराला एक पार्किंग. बोला, काय हवं?

अख्ख्या चाळीत चारचाकी म्हणजे एका काकांची टॅक्सी. तरीही पार्किंगसाठी पटापट हात वर झाले. कारण? मुलामुलींची लग्नं! स्थळ सांगून आलं की हल्ली पहिला प्रश्न, पार्किंग आहे का? गाडी आहे का, हे कोणी विचारत नाही. समोरच्या टॉवरमध्ये आहे ना, मग आम्ही काय कमी? मी ओरडले, "अरे, गाळे घ्या, खाणावळ राहील, पिठाची गिरण, लाँड्री राहील!" कोण ऐकतंय. वर झालेल्या हातांत एक हात आमच्या दादाचा. बायको शेजारी, तिच्या हातात कालथा, आणि हा मुलाच्या लग्नासाठी पार्किंग मागतोय! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. वहिनी कालथा घेऊन तशीच आत चुलीकडे वळली.

आता आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. खाली पार्किंगमध्ये गणपतीचं मखर, जुनी कपाटं आणि पाण्याची पिंपं उभी आहेत. दादाने सोसायटीला विचारून पाहिलं, आमच्याकडे गाडी नाही, तर त्या जागेत खाणावळ मांडू द्या. कमिटीने आगीचे नियम दाखवले. नियम बरोबरच होते, त्यांच्याशी काय भांडणार? समोरची ऑफिसातली पोरं आता फोनवरून जेवण मागवतात. आणि वहिनी रोज पहाटे बस बदलत भांडुपला जाते, एका मोठ्या किचनमध्ये पोळ्या लाटायला. तिथलं जेवण मोटरसायकलींवरून येतं कुठे, तर आमच्या समोरच्याच ऑफिसांत. पोळी लाटणारी इथली, खाणारे इथले, आणि पोळी भांडुपहून धूर सोडत येते. कपाळ बडवावं नाहीतर काय!

तर त्या सभेत हे सगळं ऐकवायला मी पदर खोचला होता. पण वहिनीच उभी राहिली. पडद्यावर एक रंगीत चित्र होतं, तळमजल्यावर खाणावळ, बाहेर बाकावर माणसं जेवतायत.

"साहेब," ती म्हणाली, "ही खाणावळ खंय बांधतास? माका चालवूक गावात काय?" म्हणजे तिला चालवायला मिळेल का.

सभागृहात हशा पिकला. अधिकारी हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, "मावशी, हे नमुन्यादाखल आहे. शहर असं व्हायला वेळ लागेल. आपण पुढच्या पिढीचा विचार करतोय."

मी वहिनीचा पदर ओढला, ती बसेना. "थांबा वन्सं," म्हणाली, आणि त्या पोराला समजावं म्हणून सावकाश, शुद्ध मराठीत बोलली, "पुढच्या पिढीला कुणीतरी जेवू घालेलच हो. मला आत्ता घालायचंय."

त्याने पडद्यावर पुढचं चित्र लावलं. दादा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनी भांडुपला गेली.